नऊ इंच

नवा बोगदा संपला की उतार लागतो,
आणि साधारण पंचावन्नला
माझी शेपटी जागी होते.

आधी आरशात. जनित्राची ट्रॉली
उजवीकडून डोकावते, मग डावीकडून,
मग स्टिअरिंग हातात साबणाच्या वडीसारखं.
ब्रेक दाबायचा नाही एवढं मला कळतं.
पाय उचलायचा, हात सरळ धरायचे,
मागचा कंटेनर काय करतोय
ते बघायचं नाही.

खेड-शिवापूरची लग्नं उरकून येताना तीनदा झालं.
चौथ्यांदा नवले पुलाखाली थांबलो
तेव्हा बनियन सीटला चिकटलेलं
आणि मारोती शेजारी गप्प,
दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

नऱ्ह्यात एकानं बुश बदलले होते,
धायरीत दुसऱ्यानं शॉकअप. सात हजार.
गफूरभाई तांबोळीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
ट्रॉलीविना होतं का?
नाही.
हौद्यात माल भरून?
नाही.
चढाला?
चढाला गुमान येते.
कधीपासून?
तुळशीचं लग्न झाल्यापासून, मी म्हटलं,
तर तो हसला. तुझं दुखणंसुद्धा मुहूर्त बघून येतं.

मग जॅक. चाक वरखाली हलवून, आडवं हलवून,
मग स्वतः खाली आडवा, टाय रॉडवर तळवा,
जशी नाडी बघावी.
मला म्हणाला, थोडं डावं, थोडं उजवं,
फिरवू नकोस रे, नुसतं हलव.
खालून आवाज आला:
बॉक्सला दोन बोटं खेळ आहे, तो वयाचा.
डावा टायर आतून झिजतोय, ते वेगळं.
तुझं दुखणं गाडीत नाही.

उठला, हात पुसले,
ट्रॉली हुकातून सोडवली
आणि दांडा एका हातानं उचलला.

एका हातानं.
पूर्वी मी आणि मारोती मिळून उचलायचो,
तरी कंबर बोलायची.

हुकावर वजनच नाही, म्हणाला. सगळं मागं बसलंय.
शेपटी कुत्र्याला हलवणार, दुसरं काय?

त्यानं बॅटरी मारली तेव्हा दिसली
चॅनेलवरची जुनी चार भोकं, गंजलेली,
आणि नऊ इंच मागं नवी चार,
कडा अजून चकचकीत.
ड्रिल माझंच होतं.
पुढच्या फटीत एक चादर,
कुठल्याशा मंगल कार्यालयाचा टॉवेल,
उशीला गुंडाळलेली पोत्याची घडी.

मारोती नळावर तोंड धूत होता.
धूतच राहिला.
मग म्हणाला, दीड फुटात पाठ मावत नव्हती, मालक.
मागच्या साली मावायची.

मुखेडहून आला तेव्हा माझ्या खांद्याला होता.
आता गॅरेजच्या शटरखालून वाकून जातो.
हे मी आरशात कधी पाहिलं नाही.
आणि मशीनशेजारीच झोपायचं,
आवाज बंद पडला की जाग येते,
हे त्याला शिकवलं कुणी?

गफूरभाईनं दोनशे घेतले.
ते टाय रॉड बघायचे, म्हणाला,
बाकीचे कशाचे घेऊ?

मशीन आम्ही रात्रीच पुढं सरकवलं,
पहारीनं, बोटबोट करत.
दांडा परत जड झाला.
आता साठला बोगद्याचा उतार उतरतो
तर आरशात ट्रॉली भिंतीवरच्या फोटोसारखी.

मारोती केबिनमध्ये झोपतो,
गुडघे छातीशी, बरगडीत गिअरचा दांडा.
काचा बंद केल्या की त्याला मशीन ऐकू येत नाही.
परवा शिरवळला अकरा मिनिटं अंधार होता.
नवरीच्या मामानं सहाशे कापले.
मी त्याला काही बोललो नाही.
बोललो असतो तर काय बोललो असतो?

गाडी अजून किंचित डावीकडे ओढते.
गफूरभाई म्हणतो, ते वेगळं.